पुढचा भाग येईपर्यंत

सप्टेंबर २०१३ मधली गोष्ट. आमचा ईशान तेव्हा साडेसहा वर्षांचा. ऑफिसातून येताना मी पिशवीत 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या व्हिडिओ गेमचा नुकताच आलेला पाचवा भाग लपवून आणला आणि दारातच पकडला गेलो. २००२-०३ साली न्यूकॅसलला एम. एस्सी. करत असताना आम्ही चार मराठी आणि एक तेलुगू अशी पाच पोरं एका घरात राहायचो. त्यातल्या एकानं जुनं प्लेस्टेशन पैदा केलं होतं आणि त्यावर याच मालिकेतला 'व्हाइस सिटी' हा भाग रात्र रात्र चालायचा. बसचं भाडं वाचवायला दोन मैल चालत जाणारे आम्ही, पडद्यावर मात्र मायामीसारख्या शहरात उघड्या टपाच्या गाड्या उडवत फिरायचो. त्या दिवसांची आठवण म्हणून तिशी ओलांडलेल्या माणसानं एक डबा आणला, तर बिघडलं कुठं?

हिनं डबा उलटसुलट करून पाहिला. कोपऱ्यात लाल चौकोनात १८ हा आकडा होता. गाड्या पळवायच्या, पोलिसांना गुंगारा द्यायचा आणि वाटेत नको त्या उचापती करायच्या, असा हा मोठ्या माणसांचा खेळ. डबा कपाटाच्या माथ्यावर गेला. ईशाननं भोकाड पसरलं. त्याला गप्प करायला मी म्हणालो, "हा नाही रे राजा. पुढचा भाग येईल ना, तोवर तू मोठा झालेला असशील. तो तू खेळ."

ही शुद्ध थाप होती. माझ्या डोक्यात हिशोब पक्का होता. तिसरा भाग २००१ साली आला, 'व्हाइस सिटी' २००२ साली, 'सॅन अँड्रियास' २००४ साली, चौथा २००८ साली आणि हा पाचवा २०१३ साली. म्हणजे पुढचा फार तर २०१८ साली येणार. पोरगा तेव्हा अकरा वर्षांचा असेल आणि मला दुसरी थाप शोधावी लागेल.

दुसरी थाप लागलीच नाही. मार्च २०२५ मध्ये ईशान अठरा वर्षांचा झाला तरी सहावा भाग आलेला नव्हता. मे महिन्यात बातमी आली की तो ठरल्याप्रमाणे २०२५ साली न येता २६ मे २०२६ रोजी येईल. आणि सप्टेंबरात आम्ही दोघं लीड्सहून गाडी भरून निघालो ते ईशानला स्कॉटलंडमधल्या डंडी या गावी सोडायला. कशासाठी? तर व्हिडिओ गेम कसे बनवतात ते शिकायला! देव थापा ऐकून ठेवतो म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

खरं सांगायचं तर मला हे पसंत नव्हतं. सांगलीला इंजिनीअरिंग करून आलेला मी पुलांचा माणूस. नवे पूल थोडे, जुन्या पुलांची तपासणी आणि डागडुजी जास्त, पण चूल त्यावरच पेटते. मुलानंही असंच काहीतरी हातात धरता येण्यासारखं शिकावं, अशी माझी साधी अपेक्षा. वसंत ऋतूतले दोन महिने आमच्या घरी अबोल्यात गेले. शेवटी हिनं निकाल दिला, "तूच आणला होतास ना तो डबा?" विषय संपला.

लीड्स ते डंडी हा रस्ता ए-वनवरून सरळ उत्तरेला जातो. न्यूकॅसल, बेरिक, एडिनबरोला वळसा, की पुढे फोर्थची खाडी. गाडीच्या मागच्या सीटवर ईशान, त्याचा काँप्युटर, दोन लिटरचा कुकर आणि हिनं कोंबलेली गोड्या मसाल्याची बरणी. क्वीन्सफेरी क्रॉसिंग या नव्या पुलावर गाडी चढली की माझी मान आपोआप उजवीकडे वळते आणि हिचा हात आपोआप स्टिअरिंगकडे जातो. कारण तिथं तीन शतकांचे तीन पूल शेजारी शेजारी उभे आहेत. आपण असतो तो २०१७ चा, पलीकडे १९६४ चा रस्त्याचा आणि त्याच्याही पलीकडे १८९० चा तो प्रसिद्ध लाल रेल्वेपूल.

"बाबा, लेक्चर नको," मागून आवाज आला. लेक्चर दिलंच.

हा लाल पूल खरं म्हणजे एका पडलेल्या पुलाचा 'पुढचा भाग' आहे. इथून उत्तरेला डंडीजवळ टे नदीवर सर थॉमस बाऊच यांनी बांधलेला रेल्वेपूल जून १८७८ मध्ये सुरू झाला. सुमारे दोन मैल लांबीचा, त्या काळचं आश्चर्य. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात त्याचा मधला भाग गाडीसकट नदीत गेला. गाडीतलं कुणीही वाचलं नाही. वाऱ्याच्या जोराचा हिशोबच नीट धरलेला नव्हता. चौकशीत आराखडा, बांधकाम आणि देखभाल या तिन्हींवर ठपका आला. बाऊच वर्षभराच्या आत वारले. फोर्थवरच्या पुलाचा आराखडाही त्यांचाच होता. तो बाद झाला आणि फाउलर व बेकर या जोडीला नव्यानं काम मिळालं. त्यांनी वाऱ्याचा धसका घेऊनच तो बांधला. पन्नास हजार टनांहून जास्त पोलाद, साठ लाखांहून जास्त रिव्हेट आणि सात वर्षं. आज पाहिलं तर गरजेपेक्षा दणकटच वाटतो. पण लोकांनी पुन्हा गाडीत बसायला हवं होतं ना!

"म्हणजे 'सायबरपंक'नंतरचे गेम," ईशान म्हणाला.

मला काही कळलं नाही. पण लेक्चरला पहिल्यांदाच उत्तर आलं होतं, म्हणून मी ते लक्षात ठेवलं.

डंडीत शिरायचं ते टे रोड ब्रिजवरून. हा १९६६ चा पूल डंडीकडे जाताना उतरत जातो, त्यामुळे गाव हळूहळू समोर मांडल्यासारखं दिसतं. मागे लॉ नावाची टेकडी, खाली पाणी आणि काठावर १९०१ साली इथंच पाण्यात उतरवलेलं 'डिस्कव्हरी' हे कॅप्टन स्कॉटचं दक्षिण ध्रुवाकडे गेलेलं जहाज. त्याच्या शेजारी दगडी कड्यासारखी दिसणारी व्ही अँड ए संग्रहालयाची इमारत आहे. जपानी वास्तुशिल्पी केंगो कुमा यांची ही इमारत २०१८ साली उघडली. साडेचार कोटी पौंडांचं काम आठ कोटींवर गेलं. इंजिनीअर माणसाला असं काही वाचलं की बरं वाटतं. आपण एकटेच नाही!

गाव जेमतेम दीड लाख वस्तीचं. पण आपल्या देशाशी त्याचं जुनं नातं आहे, आणि ते फार गोड नाही. बंगालचा ताग जहाजांनी इथं यायचा. देवमाशाच्या तेलात मऊ करून त्याची पोती, तरटं आणि शिडाचं कापड व्हायचं. गिरण्यांत बहुतेक बायका काम करायच्या. त्यांना मजुरी पुरुषांपेक्षा कमी द्यावी लागे, हे कारण उघड आहे. पुढे हुगळीच्या काठी गिरण्या निघाल्या, त्या चालवायला डंडीचेच साहेब गेले आणि कलकत्त्यानं डंडीला मागं टाकलं. कॉक्स बंधूंच्या गिरणीचं ८६ मीटर उंचीचं धुराडं अजून उभं आहे. गिरणगावाचं काय होतं ते लालबाग-परळ पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. धुराडं राहतं, भोंगा जातो.

तागाच्या एका जुन्या गिरणीत 'व्हर्डंट वर्क्स' हे संग्रहालय आहे. तिथं एक सत्तरीच्या बाई भेटल्या. त्यांची आई तागात आणि त्या स्वतः टायमेक्स या घड्याळाच्या कारखान्यात. १९८२ साली सिंक्लेअर कंपनीनं 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा स्वस्तातला घरगुती काँप्युटर काढला, त्याची जुळणी याच कारखान्यात होत असे. बाईंचं स्कॉटिश इंग्रजी मला निम्मंच समजलं, पण एक वाक्य नीट समजलं. त्या डोळा बारीक करून म्हणाल्या की त्या वर्षी गावात ज्याच्या त्याच्या घरी स्पेक्ट्रम होता आणि पावती मात्र कुणाकडेच नव्हती!

पोरांच्या हाती काँप्युटर आला तो असा. टायमेक्सचा कारखाना मोठ्या संपानंतर १९९३ साली बंद पडला. पण तोवर तिथंच काम केलेल्या डेव्हिड जोन्स या तरुणानं मित्रांना घेऊन 'डीएमए डिझाइन' नावाची कंपनी काढली होती. १९९१ साली त्यांचा 'लेमिंग्ज' हा गेम आला आणि जगभर गेला. हिरव्या केसांचे बुटके जीव रांगेनं चालत राहतात, कड्यावरून पडायच्या आत त्यांना वाचवायचं, एवढाच खेळ. पर्थ रोडला एका बागेपाशी त्यांचे छोटे ब्राँझचे पुतळे खांबावर चढताना दाखवलेत. हिनं ईशानला त्याच्या शेजारी उभं करून फोटो काढला. आणि याच कंपनीनं याच गावात १९९७ साली पहिला 'ग्रँड थेफ्ट ऑटो' बनवला. पुढे कंपनी विकली गेली, एडिनबरोला हलली आणि तिचं नाव रॉकस्टार नॉर्थ झालं. त्याच १९९७ साली इथल्या अबर्टे विद्यापीठानं काँप्युटर गेमची पदवी सुरू केली. जगातली अशी पहिलीच, असं विद्यापीठ सांगतं. आमचे चिरंजीव तिथंच दाखल होणार होते.

संध्याकाळी खोली लावून झाली. नदीकाठच्या बाकावर तिघं चिप्स खात बसलो आणि मी इतक्या वर्षांचा प्रश्न विचारला. "का रे, पूर्वी वर्ष-दोन वर्षांत पुढचा भाग यायचा. तुझा तो 'लेमिंग्ज' आला त्याच वर्षी त्याची पुरवणीसुद्धा आली. आता तेरा-तेरा वर्षं करतात तरी काय ही माणसं?"

"बाबा, तू 'व्हाइस सिटी' खेळायचास ना? त्यात रस्त्यावर घरं होती. किती दारं उघडायची?"

"थोडीच. बाकी चितारलेली."

"एक्झॅक्टली. आता दार दिसलं की लोकांना वाटतं ते उघडलं पाहिजे. उघडलं की आत खोली पाहिजे. खोलीत फ्रिज. फ्रिज उघडला की लाइट लागला पाहिजे. लाइट लागला की त्याची सावली भिंतीवर पडली पाहिजे. आणि पोलीस मागे लागलेला असताना कुणी फ्रिज उघडून उभा राहिला तर काय, हेपण कुणीतरी ठरवायला पाहिजे."

मला एकदम माझा भाचा आठवला. तो पुण्याला अशाच एका स्टुडिओत आहे, परदेशी कंपन्यांसाठी वस्तू बनवून देतो. गेल्या खेपेला भेटला तेव्हा आठ महिने तो फक्त लोखंडी जिने आणि गंजलेले कठडे करत होता. गंज वेगवेगळ्या वयाचा दिसला पाहिजे म्हणे. कुठल्या गेमसाठी ते सांगायला करारानं बंदी. मावशीला वाटलं मुलगा फॅब्रिकेशनमध्ये गेला.

ईशाननं फोनवर आकडे काढून दाखवले. याच कंपनीचा 'रेड डेड रिडेम्प्शन' हा घोडेस्वारांचा गेम २०१० साली आला आणि त्याचा दुसरा भाग २०१८ साली. त्यात सुमारे बाराशे नट, संवादाच्या पाच लाख ओळी आणि हालचालींचे तीन लाख तुकडे होते. काँप्युटरवर त्याला दीडशे गिगाबाइट जागा लागते. टायमेक्सच्या बाईंनी जुळवलेल्या मोठ्या स्पेक्ट्रमची स्मृती होती ४८ किलोबाइट. ढोबळ हिशोब केला तर तीस लाखांहून अधिक पट. पडद्याचा दर्जा वाढला की यंत्राचा वेग वाढतो, पण गंज चढवणाऱ्या माणसाचा हात तेवढाच वेगानं चालतो.

"मग माणसं वाढवायची," ही म्हणाली. ही हॉस्पिटलात रोस्टर लावते, तिचा हा स्वाभाविक प्रश्न.

इथं मात्र उत्तर माझ्याकडे होतं. फ्रेड ब्रुक्स या आयबीएमच्या माणसानं १९७५ साली एका पुस्तकात हा रोग लिहून ठेवलाय. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे त्याचं सांगणं. नव्याला जुन्यानं शिकवायचं, आणि प्रत्येकानं प्रत्येकाशी बोलायचं. दहा माणसांत अशा ४५ जोड्या होतात. हजार माणसांत चार लाख नव्याण्णव हजार पाचशे! सगळे सगळ्यांशी बोलत नाहीत हे खरं, म्हणून तर मध्ये मॅनेजर बसवतात. पण ते बोलणं कुठंतरी तुंबतंच. दाराचा माणूस दार मोठं करतो आणि भिंतीच्या माणसाला ते सहा महिन्यांनी कळतं. आमच्या कामातही असंच होतं, फक्त आमची भिंत कुणी रोज हलवत नाही.

वर पैशाची भीती. २०२३ साली अमेरिकेतल्या एका खटल्यात काही कागद नीट न झाकल्यामुळे बाहेर आले. त्यानुसार 'द लास्ट ऑफ अस'च्या २०२० साली आलेल्या दुसऱ्या भागाला सुमारे २२ कोटी डॉलर लागले होते. पहिला भाग २०१३ चा, म्हणजे मध्ये सात वर्षं. 'एल्डर स्क्रोल्स'चा पाचवा भाग २०११ साली आला, सहाव्याची नुसती झलक २०१८ साली दाखवली आणि २०२५ उलटलं तरी गेमचा पत्ता नव्हता. इतका पैसा अडकला की चुकायची मुभा राहत नाही. त्यातून जुना गेम अजून दूध देत असेल तर बघायलाच नको. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या पाचव्या भागाच्या वीस कोटींहून जास्त प्रती खपल्या आणि ऑक्टोबर २०१३ पासून त्याचं ऑनलाइन शहर लोकांकडून पैसे मिळवत राहिलं. गोठ्यातली म्हैस बारा वर्षं दूध देतेय म्हटल्यावर दुसरीच्या खरेदीला धावतो कोण? शिवाय मधली सगळी वर्षं काही एकाच गेमवर गेली नाहीत. 'रेड डेड'च्या दुसऱ्या भागाला कंपनीचे जगभरचे स्टुडिओ एकाच कामाला जुंपले होते. पूर्वी निरनिराळे स्टुडिओ निरनिराळे गेम करायचे, आता सगळ्यांचा मिळून एकच.

"आणि ते शंभर तासांचं," ईशान म्हणाला. २०१८ साली त्या गेमच्या एका प्रमुखानं मुलाखतीत शंभर तासांच्या आठवड्यांचा उल्लेख केला आणि मोठा गदारोळ झाला. ते आपल्या छोट्या लेखक गटापुरतं होतं, असा खुलासा त्यानं नंतर केला. पण त्यानिमित्तानं या धंद्यातल्या रात्रपाळ्यांबद्दल बरीच माणसं बोलू लागली. पुढचा भाग वेळेवर आणायची ही जुनी युक्ती होती, माणसं पिळायची. ती थोडी जरी कमी झाली असेल तर उशीर झालेला चांगला, असं ही ताबडतोब म्हणाली.

मग मी सकाळचं विचारलं. 'सायबरपंक'नंतरचे गेम म्हणजे काय?

'सायबरपंक २०७७' हा पोलंडमधल्या कंपनीचा गेम. २०१२ साली जाहीर झाला, २०२० या एका वर्षात तीनदा पुढे ढकलला आणि अखेर १० डिसेंबरला आला तो जुन्या यंत्रांवर इतका मोडका की आठवडाभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून काढून टाकला. सहा महिन्यांनी पुन्हा घेतला. कंपनीनं तो पुढे नीट केला, पण सगळ्या धंद्यानं ते पाहिलं. उशिरा आणलेल्या गेमवर लोक चिडतात, पण मोडक्या गेमवर पैसे परत मागतात.

"म्हणजे आधी टे ब्रिज पडला, मग सगळे फोर्थ ब्रिज बांधायला लागले," ईशान म्हणाला. "सॉरी, माणसं मेली नाहीत इथं. पण तू सांगत होतास ते हेच ना?"

हेच होतं. पोरगं लेक्चर ऐकत होतं तर! बारा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच आम्ही दोघं एका विषयावर बोलत होतो.

पण त्यामुळे माझी काळजी मिटली नाही, वाढली. कारण याच गावात एक पूल पडलेला आहे. 'लेमिंग्ज'वाल्या डेव्हिड जोन्स यांनीच पुढे डंडीत 'रिअलटाइम वर्ल्ड्स' ही कंपनी काढली. दहा कोटी डॉलरहून जास्त भांडवल उभं केलं, वर्षानुवर्षं खपून 'एपीबी' नावाचा गेम जून २०१० मध्ये बाजारात आणला. तो चालला नाही आणि ऑगस्टमध्ये कंपनी बुडाली. दोन महिन्यांचा खेळ. एवढ्याशा गावात शेकडो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. २०२३ आणि २०२४ साली तर जगभर या धंद्यात हजारोंनी कपात झाली.

रात्री झोप लागेना म्हणून मी मनाशी हिशोब मांडला. ईशान बाविसाव्या वर्षी कामाला लागेल. एका गेमला सात-आठ वर्षं धरली तर निवृत्तीपर्यंत पाच गेम. त्यातला एखादा मध्येच रद्द होणार, एखादा पडणार. आणि पहिल्या गेममध्ये हा काय करणार? फ्रिजचं दार. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या वर्षी रेल्वेखालच्या चार मोऱ्या तपासल्या, दोन दुरुस्त करायला दिल्या. त्यातल्या एकीत माझी चूक झाली, पावसाळी पाणी तुंबलं, साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. पण वर्षाच्या आत चूक कळली आणि पुढच्या मोरीत ती केली नाही. पुलापर्यंत मी मोऱ्यांवरून पोचलो. जिथं चूक झाली की नाही ते कळायलाच आठ वर्षं लागतात, तिथं पोरानं शिकायचं कधी?

सकाळी निघायच्या आधी मी हे त्याला विचारलं. बाप म्हणून नाही, इंजिनीअर म्हणून विचारलं, त्यामुळे तो चिडला नाही.

"म्हणून तर इथं आलो," तो म्हणाला. "इथं मोऱ्याच करायला लावतात." मग त्यानं सांगितलं. या विद्यापीठानं पूर्वी बरीच वर्षं 'डेअर टु बी डिजिटल' नावाची स्पर्धा चालवली. पाच-पाच विद्यार्थ्यांचे गट उन्हाळ्यातल्या थोड्या आठवड्यांत एक गेम पुरा करायचे आणि लोकांच्या पुढे ठेवायचे. मोडला तर तिथंच मोडायचा. शिक्षणाची रीतही तीच आहे, गटानं छोटे गेम करायचे आणि वेळेवर द्यायचे. "मोठी कंपनी आठ वर्षं घेऊ दे. मी तोवर वीस वाईट गेम करून घेईन."

मला वाटलं, हे वाक्य वसंतात बोलला असता तर दोन महिने वाचले असते. पण वसंतात मी विचारलं नव्हतं, सुनावलं होतं.

परतताना गाडी पुलाकडे न नेता नदीकाठच्या रिव्हरसाइड ड्राइव्हला नेली. तिथं त्या अपघातात मेलेल्यांचं स्मारक आहे, २०१३ साली उभारलेलं. ज्यांची नावं सापडली ते ५९ जण दगडावर कोरलेत. समोर १८८७ चा नवा रेल्वेपूल नदी ओलांडून जातो आणि त्याच्या बाजूनं, पाण्यातून वर आलेले जुन्या पुलाचे बुंधे अजून रांगेनं उभे आहेत. ते काढले नाहीत. गाडी त्यांच्या शेजारून धडधडत जाते. मी या पुलाबद्दल परीक्षेसाठी पाठ केलं होतं, पण बुंधे पाहिले नव्हते. ही गाडीत बसून डोळे पुसत होती. ते ५९ जणांसाठी नव्हते हे मला ठाऊक होतं, म्हणून मी लेक्चर दिलं नाही.

नोव्हेंबरच्या ६ तारखेला रात्री फोन आला. "बाबा, ऐकलंस? पुन्हा पुढे गेला. १९ नोव्हेंबर २०२६."

म्हणजे थाप मारली त्याला तेरा वर्षं होऊन वर दोन महिने. आमच्या न्यूकॅसलच्या घरातल्या पाचांपैकी एक आता सिडनीला आजोबा व्हायच्या बेतात आहे. कपाटाच्या माथ्यावरचा डबा मी मध्यंतरी काढून पाहिला. लावायला जुनं यंत्रच राहिलं नव्हतं.

"आणि बाबा, तुला एक लिंक पाठवलीय. आम्ही चौघांनी वीकएंडला केला."

गेममध्ये एक बकरी होती. तिनं एका पुलावरून पलीकडे जायचं, वारा सुटतो, फळ्या निसटतात. एवढंच. मी सतरा वेळा नदीत पडलो. अठराव्या खेपेला पलीकडे पोचलो तर बकरी भिंतीत शिरली आणि बाहेरच येईना. मी फोन करून सांगितलं की तुझ्या पुलाला वाऱ्याचा हिशोब ठीक आहे, पण पलीकडचा आधार चुकलाय.

"ठाऊक आहे. फिक्स करतोय. पुढच्या भागात दोन बकऱ्या असतील."

"कधी येणार पुढचा भाग?"

"ख्रिसमसला घरी येईन तोवर. नक्की."

ख्रिसमसला तो आला. बकरी एकच होती. पण भिंतीत शिरत नव्हती.